पाठ टेकलीच नाही, तरी हरला?

झी टॉकीजने २०१८ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ बालेवाडीला 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' भरवली होती. त्या लढती या वीकएंडला पुन्हा बघितल्या. संघ सहा: पुणे, मुंबई, कोल्हापूर, सातारा, मराठवाडा, विदर्भ. कोकण नाहीच! आम्हा रत्नागिरीकरांना ओरडायला कोणी नाही. एका अर्थी बरंय, निवांत बघता येतं.

तर, नजर सारखी घड्याळाकडे जाते. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पट काढला, दोन गुण. रिंगणाबाहेर ढकललं, एक. दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खल्लास, पाठ टेको न टेको.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानात (१९१२) मातीतल्या कुस्तीचा हिशोब साधा होता. चीतपट झाला तो हरला. कोणीच होईना, तर बऱ्याच वेळाने पंच बरोबरीत सोडवायचे. आता सांगा, हे टीव्हीवर कसं दाखवणार? जाहिराती कधी लावणार?

पण सगळं खापर टीव्हीवर फोडू नये. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले आणि १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक! म्हणजे मॅट शिकणं भागच होतं, टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी.

तरीही, आघाडीवरचा पैलवान शेवटची वीस सेकंद नुसता हात अडकवून काढतो ना, तिथे मी सरळ फॉरवर्ड करतो.