पोत आणि पाणी : ब्रह्मदेशी जेडच्या कंकणाची पारख

सुवासिनीच्या हातात बांगडी भरणे हा आपल्या कासार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केवळ व्यापार मानला नाही. ते एक मंगल कार्य मानले. टिचकीच्या नादावरून काचेतील तडा ओळखणारी वडीलधारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस पारख म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. परंतु आपल्या व्यवसायाचा इतिहास लिहिताना आपण लाख, काच, शंख, हस्तिदंत आणि सोने यांच्यापाशीच थांबतो. पूर्वेकडील ज्या देशांत अखंड पाषाणातून कोरलेले कंकण स्त्रीच्या हातात शोभते, त्या देशांतील पारखीची परंपरा आपणांस फारशी परिचित नाही. तिचा इतिहास समजून घेणे मनोरंजक तर आहेच, पण आजच्या काळात बोधप्रदही आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. ‘जेड’ या एकाच नावाखाली दोन भिन्न खनिजे वावरतात. मोगल दरबारी ज्याला ‘यशब’ म्हणत, तो दगड म्हणजे नेफ्राइट होय. बादशहा शहाजहान याचा १६५७ मधील शुभ्र मद्यचषक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो याच दगडाचा. चीनमध्येही हजारो वर्षे ज्या पाषाणाची पूजा झाली तो प्रामुख्याने नेफ्राइटच होता. दुसरे खनिज जेडाइट. हे दोन दगड एक नव्हेत, ही गोष्ट आलेक्सी दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६३ साली रासायनिक पृथक्करणाने सिद्ध केली आणि जेडाइट हे नावही त्यानेच दिले. ज्या पारदर्शक हिरव्या कंकणांसाठी आज लक्षावधी रुपये मोजले जातात, ती कंकणे या दुसऱ्या खनिजाची असतात.

जेडाइटची सर्वांत मोठी खाण उत्तर ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमधील काचिन प्रांतात, उरू नदीच्या खोऱ्यात फाकांतच्या परिसरात आहे. चीन आणि ब्रह्मदेश यांच्यात १७६५ ते १७६९ या काळात युद्ध झाले. ते निवळल्यावर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, हा दगड खेचरांच्या पाठीवरून युन्नान प्रांतातील तेंगचोंगकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. सम्राट छ्येनलुंगच्या दरबाराने त्याचा आदर केला; पुढे राजमाता त्सूशी (१८३५–१९०८) हिने तर त्याला राजमान्यतेच्या शिखरावर बसविले. चिनी लोकांनी त्याला ‘फेइत्सुइ’ हे नाव दिले. मूळ अर्थाने ते खंड्या पक्ष्याचे नाव. त्या पक्ष्याच्या पिसांची झळाळी त्यांना या दगडात दिसली.

या व्यापाराची मोठी पेठ मंडाले. मंडाले म्हटले की मराठी मनाला लोकमान्यांचा कारावास (१९०८–१९१४) आणि गीतारहस्य आठवते. त्याच मंडालेचा अखेरचा राजा थीबा १८८५ साली पदच्युत झाला, आणि आपल्या रत्नागिरीत १९१६ पर्यंत बंदिवासाचे आयुष्य कंठून तेथेच निवर्तला. ज्याच्या राज्यात माणके आणि जेड निघत, तो राजा कोकणच्या किनाऱ्यावर मरण पावला आणि आपला लोकनेता त्याच्या राजधानीत कैदी होता, हा दैवाचा विचित्र खेळ होय.

आता मूळ विषयाकडे वळू. चिनी पारखी कंकणाकडे पाहताना तीन गोष्टी पाहतात : वाण, पाणी आणि रंग. आपल्याकडे मोत्याला ‘पाणीदार’ म्हणतात. तोच शब्द, तोच अर्थ, हजारो मैलांवर स्वतंत्रपणे रूढ व्हावा याचे नवल वाटते. ‘वाण’ म्हणजे मुख्यतः दगडाचा पोत. जेडाइट हा हिऱ्यासारखा एकच स्फटिक नसून असंख्य सूक्ष्म स्फटिकांची घट्ट वीण आहे. कण मोठे असले म्हणजे प्रत्येक कणाच्या सीमेवर प्रकाश विखुरतो व दगड धूसर दिसतो; कण बारीक आणि वीण घट्ट असली म्हणजे प्रकाश आत खोलवर शिरतो. म्हणून पोत हे कारण आणि पाणी हे बहुतांशी त्याचे कार्य, असे म्हणावयास हरकत नाही.

या वाणांची नावे घरगुती आहेत. ज्याचे दाणे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात तो ‘घेवड्याच्या दाण्याचा’ वाण. शिजलेल्या चिकट भातासारखा मऊ व दुधाळ दिसणारा तो ‘भाताचा’. बर्फाच्या लादीसारखा तो ‘बर्फाचा’. आणि ज्यात कण दिसतच नाहीत, जो जणू वितळून थिजला आहे, तो ‘काचेचा’ वाण. हा शेवटचा वाण सर्वश्रेष्ठ. गंमत अशी की आपण ज्या काचेला स्वस्त समजतो, तिचेच नाव त्यांनी आपल्या सर्वोत्तम रत्नाला दिले.

पाण्याची परीक्षा करताना जुने पारखी काही नियम कटाक्षाने पाळत. पहिला नियम : दिव्याच्या उजेडात हिरव्या रंगाचा भाव ठरवू नये. पिवळ्या प्रकाशात सामान्य दगडही उजळून दिसतो. रंग पाहावा तो दिवसाच्या उजेडात. दुसरा नियम : जाडी विसरू नये. पातळ कंकण नेहमीच अधिक पाणीदार भासते; म्हणून दोन नगांची तुलना सारख्याच जाडीवर करावी. तिसरा नियम : कंकण उजेडासमोर धरून संपूर्ण फिरवावे. दगडात जन्मतःच भरून आलेल्या रेषा असतात, त्या नख फिरविल्यास लागत नाहीत. पण नख अडकेल अशी, किंवा उजेडात आरपार जाणारी आडवी चीर असेल, तर ते कंकण कितीही देखणे असले तरी त्याची किंमत कोसळते. अंगठीच्या खड्यासाठी चीर चुकवून तुकडा काढता येतो. अखंड कंकणासाठी मात्र निर्दोष असा मोठा दगडच लागतो. उत्तम कंकण महाग असण्याचे खरे कारण हेच होय.

कच्च्या दगडाचा सौदा हा मात्र जुगारच. खडकावर जाड साल असते, आत काय आहे ते दिसत नाही. सालीत लहानशी खिडकी कापून त्यावरून अंदाज बांधावयाचा. भाव ठरे तो कापडाखाली, बोटांच्या खुणांनी. आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली होणारे सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही.

येथवरचा इतिहास डोळ्याचा आणि हाताचा झाला. परंतु १९८० नंतरच्या दशकात या पारखीवर मोठे संकट आले. डागाळलेला हलका दगड तीव्र आम्लात बुडवून त्यातील तांबूस मळ काढावयाचा, आणि पोखरलेल्या वीणीत पारदर्शक राळ भरावयाची, अशी युक्ती बाजारात पसरली. भाताच्या वाणाचे कंकण बर्फाच्या वाणाचे दिसू लागले. ज्या पोतावरून पाणी ओळखावयाचे, तो पोतच खोटा झाला. व्यापारात आता नैसर्गिक मालास ‘ए’, राळ भरलेल्यास ‘बी’ आणि रंगविलेल्यास ‘सी’ म्हणतात. असे राळभरले कंकण कालांतराने निस्तेज होते, व त्याची बळकटीही कमी झालेली असते.

जुने उपाय येथे काही अंशी चालतात. दोऱ्याला टांगून हलकेच वाजविले असता चांगले नैसर्गिक कंकण खणखणीत नाद देते, राळभरले बद्द वाजते. पण चीर असलेले अस्सल कंकणही बद्दच वाजते, हे विसरू नये. भिंगाखाली आम्लाने पोखरलेल्या पृष्ठावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसू शकतात. काच वा अन्य दगड ओळखण्यास मात्र आपला तराजू उपयोगी पडतो. हवेतील वजनास पाण्यात घटलेल्या वजनाने भागावे. ५० ग्रॅमचे कंकण पाण्यात ३५ ग्रॅम भरले, तर घट १५ ग्रॅम, आणि भागाकार सुमारे ३.३. हा जेडाइटचा अंक होय. नेफ्राइटचा सुमारे २.९५, स्फटिकाचा २.६५, आणि साध्या काचेचा सुमारे २.५ येतो. तथापि राळ भरली आहे की नाही याचा निर्णय शेवटी प्रयोगशाळेतील अवरक्त किरणांच्या परीक्षेनेच लागतो. अनुभवी डोळ्यानेही ही मर्यादा मान्य करावी, यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. फाकांतच्या खाणींत मातीचे ढिगारे कोसळून नोव्हेंबर २०१५ मध्ये शंभरहून अधिक, आणि जुलै २०२० मध्ये दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. टाकून दिलेल्या मातीत हिरवा तुकडा शोधणारी ती बहुतेक गोरगरीब माणसे होती. कंकणाचे पाणी पाहताना त्यामागचे हे अश्रूही पारख्याच्या दृष्टीआड होऊ नयेत.

चिनी घरांत अशी श्रद्धा आहे की जेडचे कंकण अकस्मात भंगले, तर त्याने धारण करणारीवरचे संकट स्वतःवर घेतले. आपल्याकडेही बांगडी ‘फुटली’ असे म्हणत नाहीत. ती ‘वाढवली’ असे म्हणतात. दोन्ही देशांत बांगडी ही वस्तू नसून जिवाची राखण आहे. अशी वस्तू विकणाऱ्याने गिऱ्हाइकास खोटे सांगणे म्हणजे त्या श्रद्धेचाच भंग होय.

आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबे बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग येथे प्रवासास जातात आणि हिरवी कंकणे घेऊन येतात. काही तरुण या मालाच्या व्यापारातही उतरत आहेत. त्यांस इतकेच सांगणे आहे की, मौल्यवान नग प्रयोगशाळेच्या दाखल्याविना घेऊ नये, आणि विकताना ‘बी’ मालास ‘बी’ म्हणावयास लाजू नये. राळ भरून दगडास पाणी चढविता येते. दुकानाच्या नावास ते चढविता येत नाही. आपल्या वाडवडिलांचा पोत सचोटीचा होता, म्हणूनच त्यांच्या शब्दास पाणी होते. तो पोत जपणे हेच आपले कर्तव्य होय.