कचेरीची भाषा आणि रयतेची भाषा : नांदेड-लातूरच्या निजामी कारभारातील भाषाज्ञान

सरकारी नोकराने परकी भाषा शिकावी की रयतेने सरकारची भाषा शिकावी, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील दख्खनमध्ये दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली. कंपनी सरकारने 1800 मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढून आपल्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्याची सोय केली, तेथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये छापले गेले आणि पुढे मुंबई इलाख्यात नेमलेल्या गोऱ्या मुलकी अधिकाऱ्याला प्रांताच्या भाषेची परीक्षा देणे भाग पडले. सोलापूर-बार्शीच्या पूर्वेला, म्हणजे आजच्या लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या मुलखात, हैदराबादच्या निजामाचे राज्य होते आणि तेथे नेमका उलटा दंडक चालू होता.

पहिले सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाले आणि त्यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्हे व तालुके अशी नवी विभागणी केली, तेव्हा पगारी नोकरांची एक मोठी उतरंड उभी राहिली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, त्याचा कारकुनी मदतनीस पेशकार, मंडळावर गिरदावर आणि गावात पाटील-पटवारी. दप्तराची भाषा प्रथम फारसी होती आणि 1884 च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. या बदलामागे उत्तर हिंदुस्थानातून आणलेल्या सुशिक्षित अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, कारण त्यांना उर्दू घरची होती, तर मराठी, तेलुगू व कन्नड या राज्यातील बहुसंख्यांच्या भाषा त्यांना सारख्याच अनोळखी होत्या. राज्याच्या लोकसंख्येत साधारण निम्मे लोक तेलुगू आणि सुमारे पाव मराठी बोलणारे होते, तर उर्दू व कन्नड या प्रत्येकी दहाव्या हिश्शाच्या आसपास होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे ही निवड कोणाच्या सोयीची होती ते वेगळे सांगावे लागत नाही. मात्र उर्दूला येथे सरसकट परकी म्हणणे चुकीचे ठरेल, कारण नांदेड, कंधार, उदगीर येथील अनेक कुटुंबांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची बोली होती. परकेपणा होता तो कचेरीच्या फारसीमिश्रित लेखी उर्दूचा, आणि तो त्या कुटुंबांतील अशिक्षितांनाही जाणवत असे.

प्रत्यक्ष व्यवहारात कागद दोन भाषांतून चाले. गावचा पटवारी आपला हिशेब मराठीत, बहुधा मोडीत ठेवी आणि तहसील कचेरीत पोचल्यावर तोच मजकूर उर्दू होई. शेतकऱ्याला तक्रार करायची असली, तर तो अर्जनविसाकडे, म्हणजे पैसे घेऊन अर्ज लिहून देणाऱ्याकडे जाई, आणि आपल्या नावे काय लिहिले गेले हे त्याला त्या माणसाच्या शब्दावरच मानावे लागे. भाषाज्ञानाचा सारा भार असा खालच्या टोकाला होता. जो देशमुखाचा किंवा पटवाऱ्याचा मुलगा उर्दू शिके त्याला नोकरी मिळे आणि जो शिकत नसे तो दप्तराबाहेर राही. 1917 मध्ये दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर शास्त्रे व कायदा देशी भाषेतून शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे विद्वत्तेच्या दृष्टीने मोल कमी नाही. परंतु ती देशी भाषा उर्दूच असल्याने मराठी मुलाच्या पदरी पुन्हा दुसऱ्याचीच भाषा आली.

या व्यवस्थेतून एक असामान्य माणूसही घडला, आणि तो आज लातूर जिल्ह्यात असलेल्या निलंग्याचा. सेतुमाधवराव पगडी (1910–1994) हे हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होते. उर्दू-फारसी त्यांना सेवेसाठी आवश्यक होती, पण ते तेथे थांबले नाहीत. आदिलाबाद जिल्ह्यात 1940 च्या दशकात गोंडांच्या जमिनींचा प्रश्न पेटलेला असताना मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने 1943 मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. याच भागात काम करताना पगडींनी गोंडी व कोलामी आत्मसात केल्या आणि 1950 मध्ये त्यांचे कोलामी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकण्याचे इतके ठसठशीत उदाहरण त्या राज्यात दुसरे सापडणे कठीण आहे. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका त्या वेळी आदिलाबादेतच होता, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाची धुरा वाहताना व मोगलकालीन फारसी साधने मराठीत आणताना पगडींनी वापरले ते हेच नोकरीत कमावलेले भांडवल.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून आलेल्या अधिकाऱ्यांना उर्दू येत नव्हती, म्हणून कचेऱ्यांत इंग्रजी शिरली. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले (लातूर जिल्हा वेगळा झाला तो 1982 मध्ये), किनवट नांदेडात आले आणि देगलूरची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. मराठी माणसाला आपल्या भाषेत कारभार मिळाला, हा न्यायच होता. 6 जुलै 1960 रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि अमराठी कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षाही रूढ झाली. या सगळ्यात जुने दप्तर वाचणार कोण, हा प्रश्न मात्र मागे पडला, कारण उर्दूचे ज्ञान व्यक्तींजवळ होते, कचेरीने ते कधी आपले केलेच नव्हते, आणि ती माणसे निवृत्त झाली तसे तेही गेले.

त्या दप्तराची अडचण निव्वळ लिपीची नाही. जुना कागद पुष्कळदा शिकस्ता वळणात, म्हणजे नुक्ते (अक्षरांवरची टिंबे) गाळून अक्षरे एकमेकांत ओढलेल्या घाईच्या लेखनात असतो. रकमा सियाक पद्धतीने, म्हणजे संख्यावाचक शब्दांच्या आखूड खुणांनी मांडलेल्या असतात. आणि सन फसली, म्हणजे महसुली वर्षगणनेचा, असतो. ‘15 आबान 1340 फसली’ अशी नोंद समोर आली, तर आबान हा आजूरपासून, म्हणजे ऑक्टोबरपासून, सुरू होणाऱ्या वर्षाचा शेवटचा महिना आहे आणि म्हणून इसवी सन काढताना 590 नव्हे तर 591 मिळवून ती नोंद सप्टेंबर 1931 ची धरली पाहिजे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. आजचे छापील उर्दू सफाईने वाचणाराही येथे अडखळतो.

सप्टेंबर 2023 मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. खासरा पत्रके, कोतवाल बुके, मुंतखब (इनामाच्या चौकशीनंतर दिलेला हक्काचा दाखला) असे कागद कपाटांतून निघाले आणि ते वाचण्यासाठी उर्दू व मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, ते उपयुक्तच आहेत. परंतु निजामी मुलखातील दप्तराला तेवढे पुरत नाही. इनामजमिनी, वतने आणि जुन्या हद्दींचे वाद समिती संपल्यावरही संपणारे नाहीत, म्हणून नांदेड आणि लातूरच्या अभिलेख कक्षांत शिकस्ता, सियाक आणि फसली सन जाणणारा कायम कर्मचारी असणे ही हौस नसून महसुली कामाची गरज आहे, आणि ती शासनाने पदनिर्मिती करूनच भागवली पाहिजे.