क्रीडाक्षेत्र (आभासी वास्तव)

आभासी वास्तवाचा हेडसेट घातलेल्या व्यक्तीला प्रत्यक्ष खोलीत निर्धोकपणे चालता, वाकता आणि हात फिरवता यावेत यासाठी आखून घेतलेल्या मोकळ्या जागेला क्रीडाक्षेत्र असे म्हणतात. हेडसेट डोळ्यांवर आला की खरी खोली दिसेनाशी होते. भिंत, टेबल किंवा पंखा कोठे आहे हे त्या व्यक्तीला केवळ उपकरणाने दाखवलेल्या सीमारेषेवरून कळते. ही सीमारेषा खोलीच्या खऱ्या मापांशी जुळवून घेण्याच्या क्रियेला अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. अंशशोधन चुकलेले असल्यास सीमारेषा नेहमीसारखीच दिसत राहते, परंतु ती चुकीच्या जागी असते. त्यामुळे या क्षेत्रात अचूकता आणि सुरक्षितता हे एकाच प्रश्नाचे दोन भाग मानले जातात.

नावात 'क्रीडा' हा शब्द असला तरी अशा क्षेत्रांचा उपयोग खेळापुरता मर्यादित नाही. वाहनांची रचना, वेल्डिंग व रंगकामाचे प्रशिक्षण, जुळणीचा सराव आणि वैद्यकीय शिक्षण यांतही ती वापरली जातात. वाहन उद्योगाचे मोठे केंद्र असलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने हा विषय म्हणूनच महत्त्वाचा आहे.

इतिहास

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालण्याचे त्रिमितीय दृश्यपटल सादर केले. डोक्याची स्थिती मोजण्यासाठी ते छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेले असे. दांडा पोहोचेल तेवढीच हालचाल शक्य असल्याने क्रीडाक्षेत्राची मर्यादा यंत्रानेच ठरवलेली होती.

सामान्य ग्राहकांना खोलीभर चालता येईल अशी उपकरणे २०१६ मध्ये बाजारात आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटसोबत 'शॅपरोन' नावाची सीमादर्शक प्रणाली होती. ऑक्युलस कंपनीची 'गार्डियन' ही प्रणाली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टच कंट्रोलरसह उपलब्ध झाली. मे २०१९ मध्ये आलेल्या ऑक्युलस क्वेस्टमध्ये बाहेरील संवेदकांची गरज उरली नाही. हेडसेटवरील चार कॅमेऱ्यांद्वारे खोली पाहून तो आपले स्थान ठरवू लागला. ऑक्टोबर २०२३ मधील क्वेस्ट ३ मध्ये खोली मोजणारा खोलीमापक संवेदकही बसवण्यात आला.

स्थाननिश्चितीची पद्धत

हेडसेटमधील त्वरणमापक आणि जायरोस्कोप डोक्याची हालचाल अत्यंत जलद टिपतात. मात्र त्वरणावरून अंतर काढताना दोनदा संकलन करावे लागते आणि त्यात लहानशी चूकही झपाट्याने वाढते. त्वरणाच्या मापनात दर सेकंद वर्गास केवळ ०.०१ मीटरची स्थिर चूक असेल, तर दहा सेकंदांत स्थान अर्ध्या मीटरने चुकते. ही चूक सतत दुरुस्त करण्यासाठी बाहेरचा एखादा स्थिर संदर्भ लागतो. तो दोन प्रकारे मिळवला जातो.

पहिल्या प्रकारात खोलीच्या कोपऱ्यांत बेस स्टेशन बसवतात. व्हाइव्हच्या मूळ प्रणालीत बेस स्टेशनमधील फिरते भाग अवरक्त लेझरचा पट्टा खोलीभर आडवा व उभा फिरवतात. हा पट्टा हेडसेटवरील कोणत्या संवेदकावर केव्हा पडला या वेळेवरून कोन आणि कोनांवरून स्थान काढले जाते. दुसऱ्या प्रकारात हेडसेटवरील कॅमेरे भिंतीवरील चित्रे, खिडक्यांच्या कडा, फर्निचरचे कोपरे अशा ठळक खुणा ओळखून त्यांच्या आधारे स्वतःचे स्थान ठरवतात. पहिल्या प्रकारात बेस स्टेशन स्थिर असणे आवश्यक असते, तर दुसऱ्या प्रकारात खोली खुणांनी ओळखता येण्याजोगी आणि पुरेशी उजळ असणे आवश्यक असते.

अंशशोधन

उभे राहून चालत खेळण्यासाठी स्टीमव्हीआर प्रणालीत किमान २ मीटर × १.५ मीटर मोकळी जागा अपेक्षित असते. क्वेस्ट हेडसेटसाठी २ मीटर × २ मीटर जागेची शिफारस केली जाते. व्हाइव्हची मूळ बेस स्टेशने जमिनीपासून २ मीटरपेक्षा उंच, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, ३० ते ४५ अंश खाली झुकवून आणि एकमेकांपासून ५ मीटरच्या आत बसवावी लागतात.

अंशशोधनात मुख्यतः चार गोष्टी निश्चित केल्या जातात.

जमिनीची पातळी: कंट्रोलर जमिनीवर ठेवला असता तो आभासी जमिनीवरच टेकलेला दिसला पाहिजे. तो हवेत तरंगताना किंवा जमिनीत रुतलेला दिसल्यास पातळी चुकलेली असते. अशा वेळी वाकून वस्तू उचलताना हात फरशीवर आपटण्याची शक्यता असते.

अंतराचे प्रमाण: मोजपट्टीने जमिनीवर २ मीटर अंतरावर दोन खुणा करून कंट्रोलर आळीपाळीने त्यांवर ठेवला जातो. प्रणालीने दाखवलेले अंतर प्रत्यक्ष अंतराशी पडताळले जाते.

सीमारेषा: हेडसेटच्या कॅमेऱ्यातून खोली पाहत किंवा कंट्रोलर भिंतीच्या कडेने नेत ही रेषा आखली जाते. त्यानंतर प्रत्येक कोपऱ्यात हात लांब करून ती खऱ्या भिंतीच्या आत असल्याची खात्री केली जाते.

बाहुल्यांमधील अंतर: प्रौढांमध्ये दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर सरासरी सुमारे ६३ मिलिमीटर असते. भिंगे त्यानुसार जुळवली नसल्यास चित्र अस्पष्ट होते, डोळ्यांवर ताण येतो आणि अंतराचा अंदाज चुकू शकतो.

अचूकता बिघडण्याची कारणे

अंशशोधन एकदा केले म्हणजे कायम टिकते असे नाही. बेस स्टेशन धक्का लागून केवळ एका अंशाने वळले, तरी चार मीटर अंतरावर सुमारे ७ सेंटीमीटरचा फरक पडतो. आरसे, काचेची कपाटे आणि चकचकीत धातूचे पत्रे अवरक्त किरण परावर्तित करतात, त्यामुळे संवेदकांची दिशाभूल होते. कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी कॅमेऱ्यांना पुरेशा खुणा देत नाहीत. थेट ऊन आणि अंधार या दोन्हींमुळे कॅमेऱ्याधारित स्थाननिश्चिती ढासळते.

कृत्रिम दिव्यांचा प्रकाश वीजपुरवठ्याच्या वारंवारतेनुसार लुकलुकतो. डोळ्यांना हे जाणवत नसले तरी कॅमेऱ्यांना जाणवते. क्वेस्ट हेडसेटमध्ये यासाठी ५० व ६० हर्ट्झ असे पर्याय दिलेले असतात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने येथे पहिला पर्याय लागू पडतो.

फर्निचर हलवल्यानंतर जुनी सीमारेषा वापरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. ज्या प्रणालीत सीमारेषा हाताने आखलेली असते, तेथे नंतर आत आणलेली खुर्ची सीमेच्या हिशेबात धरली जात नाही.

सुरक्षितता

सीमारेषा ही पूर्वसूचना असते. ती हालचाल थांबवू शकत नाही. ती भिंतीपासून ३० सेंटीमीटर आत आखली असेल आणि हात सेकंदाला ३ मीटर वेगाने जात असेल, तर रेषेपासून भिंतीपर्यंत पोहोचण्यास केवळ ०.१ सेकंद लागतो. दृश्य सूचनेला प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणपणे ०.२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे जलद हालचालींच्या खेळात सीमारेषा भिंतीला चिकटून आखणे धोक्याचे ठरते. याच वेगाला पुरेसा प्रतिसाद देता यावा यासाठी किमान ६० सेंटीमीटर अंतर सोडावे लागते.

भारतीय घरांत छतावरचा पंखा हा वेगळा धोका आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर असते. अशा खोलीत ३० सेंटीमीटर दांड्यावर टांगलेल्या पंख्याची पाती जमिनीपासून सुमारे २.४ ते २.५ मीटरवर येतात. १.७ मीटर उंचीच्या व्यक्तीचा वर केलेला हात सुमारे २.१ ते २.२ मीटरपर्यंत पोहोचतो. टाचा उंचावल्यास किंवा उडी मारल्यास उरलेले अंतर सहज पार होते. जमिनीवर आखलेली सीमारेषा बाजूच्या अडथळ्यांची सूचना देते, डोक्यावरच्या पंख्याची देत नाही. म्हणून पंखा बंद ठेवणे किंवा क्षेत्राचा मध्य पंख्यापासून दूर घेणे आवश्यक ठरते.

अशा दुर्घटनांची नोंद इतरत्रही झाली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मॉस्को येथे हेडसेट घालून वावरणारा ४४ वर्षांचा पुरुष काचेच्या टेबलावर पडून मरण पावल्याचे वृत्त रशियन तपासयंत्रणेच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील अविवा या विमा कंपनीने २०२१ मध्ये हेडसेटशी संबंधित घरगुती वस्तूंच्या नुकसानीचे दावे ३१ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले.

आदळण्याखेरीज अन्य धोकेही असतात. डोक्याची हालचाल आणि चित्रातील बदल यांत साधारण २० मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाल्यास मळमळ व तोल जाण्याची शक्यता वाढते. लुकलुकत्या चित्रांमुळे काही व्यक्तींना झटके येऊ शकतात. हेडसेटची भिंगे उन्हाकडे उघडी राहिल्यास सूर्यकिरण एकवटून आतील पडदा जळतो. उत्पादक साधारणपणे दर अर्ध्या तासानंतर १० ते १५ मिनिटे विश्रांतीचा सल्ला देतात. तारेने जोडलेल्या हेडसेटमध्ये पायात तार अडकण्याचा धोका असतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी येथील औद्योगिक वसाहती व खेड तालुक्यातील चाकण मिळून देशातील वाहननिर्मितीचा एक प्रमुख पट्टा तयार झाला आहे. टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने या परिसरात आहेत. जागतिक वाहन उद्योगात आभासी प्रशिक्षणाचा वापर वाढत गेला आहे. २०१८ मध्ये फोक्सवॅगन समूहाने जगभरातील १०,००० कर्मचाऱ्यांना आभासी वास्तवाद्वारे प्रशिक्षण देण्याची योजना जाहीर केली होती. या समूहाचा चाकण येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला.

कारखान्याच्या आवारातील क्रीडाक्षेत्राचे प्रश्न घरापेक्षा वेगळे असतात. प्रेस शॉप किंवा फोर्जिंगच्या हातोड्याचे हादरे भिंतीमार्फत बेस स्टेशनपर्यंत पोहोचल्यास आभासी दृश्य थरथरते. पत्र्याचे चकचकीत पृष्ठभाग परावर्तन करतात. फोर्कलिफ्टचा मार्ग, क्रेनखालची जागा आणि वाहन तपासणीचा खड्डा यांच्या जवळ असे क्षेत्र आखणे टाळावे लागते. त्यासाठी स्वतंत्र, बंद आणि समतल जमिनीची खोली अधिक योग्य ठरते. प्रशिक्षणार्थीजवळ हेडसेट न घातलेला सहायक उभा असणे आणि एकच हेडसेट अनेकांनी वापरताना चेहऱ्याला लागणारी गादी पुसली जाणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

या पट्ट्यातील अनेक उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीची कामेही बहुधा त्याच दिवशी होतात. वीज खंडित होऊन उपकरणे पुन्हा सुरू झाल्यावर, तसेच सुट्टीत खोलीची साफसफाई किंवा मांडणीत बदल झाल्यावर, जमिनीची पातळी आणि सीमारेषा पुन्हा तपासणे हिताचे असते.

या परिसरातील यंत्रशाळांना अंशशोधनाची कल्पना नवी नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर व गेज ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर पुढील तपासणीच्या तारखेची चिठ्ठी लावण्याची पद्धत तेथे रूढ आहे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात मापन साधनांच्या अंशशोधनाच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. क्रीडाक्षेत्रालाही मापन साधन मानून तपासणीची तारीख, मोजलेले अंतर, आढळलेला फरक आणि तपासणाऱ्याची सही यांची नोंद ठेवल्यास बिघाड अपघातापूर्वीच लक्षात येऊ शकतो.

हे सुद्धा पहा

आभासी वास्तव
संवर्धित वास्तव
मापनशास्त्र
औद्योगिक सुरक्षा
चाकण
पिंपरी-चिंचवड