प्लॅटिनमच्या वेटोळ्याची कुळकथा

मेंदूतील धमनीच्या दुर्बल भिंतीला जो फुगवटा येतो आणि जो फुटला असता रोग्याचा जीव घटकाभरात धोक्यात येतो, त्याचा बंदोबस्त करावयाचा तर कवटी उघडून त्याच्या मानेला चिमटा लावावा, ही वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली घालून दिलेली वाट शल्यवैद्य दीर्घकाळ चालत आले. कवटीला हात न लावता रक्तमार्गानेच तेथवर पोहोचण्याची युक्ती मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेंको यांनी, नळीच्या टोकावरून सुटणारा सूक्ष्म फुगा योजून, १९७४ साली वैद्यकजगतापुढे मांडली. परंतु आतला फुगा स्वतःचा आकार सोडीत नसल्यामुळे नाजूक भिंतीवर ताण पडे.

इटलीचे ग्विदो ग्युलिएल्मी विजेने रक्त गोठविण्याचे प्रयोग करीत असता तारेचे पोलादी टोक प्रवाहाने झिजून गळून पडले, आणि या अपघातातच त्यांना साधन गवसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रुग्णालयात १९९० साली प्रथम वापरलेले त्यांचे मऊ प्लॅटिनमचे वेटोळे मांडीच्या धमनीतून वर नेता येई, मनाजोगे बसेपर्यंत मागे घेता येई, आणि बसले म्हणजे सौम्य प्रवाहाने पोलादी सांधा विरघळवून सोडता येई.

तथापि साधनाची चतुराई ही सरकारी तिजोरीची कुलपे उघडण्यास पुरेशी सनद नव्हे. महागड्या वेटोळ्याचा भार सार्वजनिक निधीने का सोसावा, या प्रश्नाला उत्तर मिळाले ते ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या द्रव्यसाहाय्याने झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने. फुगवटा फुटलेल्या व दोन्ही उपायांस योग्य अशा २१४३ रोग्यांची यदृच्छेने वाटणी केली असता, वर्षअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण चिमट्याच्या गटात ३०.६ टक्के, तर वेटोळ्याच्या गटात २३.७ टक्के निघाले. पुढे खर्चाचा ताळेबंद मांडला तेव्हा वेटोळ्याची चढी किंमत रुग्णालयातील मुक्काम घटल्याने बरीचशी भरून निघाल्याचेही दिसले.

सार्वजनिक निधीचा हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातही होता; तेथे १९९८ साली स्थापन झालेली वैद्यकीय सेवा सल्लागार समिती सुरक्षितता, परिणामकारकता आणि खर्चाच्या मानाने लाभ अशा तीन कसोट्यांवर उपचारांच्या दरखास्ती तपासून मंत्र्यांस शिफारस करते. धमनीमार्गे होणाऱ्या मेंदूच्या उपचारांनाही याच कसोट्या लागू झाल्या. मात्र वेटोळे बसविलेल्यांत काही वर्षांनी पुन्हा रक्तस्रावाचा धोका किंचित अधिक आढळल्यामुळे, एकदा दिलेली मंजुरी म्हणजे अखेरचा निवाडा नव्हे, हेही दप्तरी नोंदले पाहिजे.

म्हणून या वेटोळ्याच्या वंशावळीत ग्युलिएल्मींइतकाच मान, आपला उपचार यदृच्छेच्या हवाली करण्यास रुकार देणाऱ्या त्या अनाम रोग्यांचा आणि त्यांच्या आप्तांचा आहे.