वंशावळीतील नामभेद

कुटुंबाच्या इतिहासाची साधने तपासताना एकाच पूर्वजाचे व्यक्तिनाम निरनिराळ्या कागदपत्रांत निरनिराळ्या रूपांत आढळते. उलटपक्षी, एकाच नावाच्या अनेक व्यक्ती एका घराण्यात होऊन गेलेल्या असतात. या नामभेदाचा उलगडा न झाल्यास वंशावळीत दोन प्रकारचे दोष शिरतात : एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात किंवा दोन व्यक्ती एकच मानल्या जातात. महाराष्ट्रात वतन, इनाम, वृत्ती आणि दत्तक यांसंबंधीचे हक्क वंशावळीवर अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा कधीच नव्हता.

लघुरूपे व प्रत्यय : मराठेकालीन लेखनात संस्कृत नावांची लघुरूपे सर्रास वापरली जात. मोरेश्वराचे मोरो, नारायणाचे नारो, नीलकंठाचे निळो, केशवाचे केसो, महादेवाचे महादाजी, विश्वनाथाचे विसाजी आणि गंगाधराचे गंगोबा अशी रूपे होत. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड हे गंगोबा तात्या या नावानेच अधिक परिचित आहेत. नावापुढील जी, बा, पंत, राव, शेट, भट, नाक यांसारखे प्रत्यय जात, व्यवसाय, वय व दर्जा यांप्रमाणे बदलत. आडनावाचा उल्लेख पुष्कळदा गाळला जाई. मात्र वडिलांचे नाव सहसा लिहीत. तेही काही वेळा रूप बदलून येई. ‘बाजीराव बल्लाळ’ यातील बल्लाळ हे आडनाव नसून बाळाजी या पितृनामाचे रूप आहे.

पाळण्यातील नाव व रूढ नाव : आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची प्रथा अनेक घराण्यांत होती. त्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येते. वडीलधाऱ्या माणसाचे नाव घरातील स्त्रियांनी उच्चारू नये असा संकेत असल्याने त्या नातवास नाना, आबा, अप्पा, भाऊ, तात्या, दादा अशी हाक पडे आणि पुढे तीच कागदोपत्री रूढ होई. पहिल्या बाजीरावाचे (१७००–४०) पाळण्यातील नाव विसाजी, तर त्याचा बंधू चिमाजी अप्पा याचे अंताजी होते. बाजीरावाचा पुत्र बाळाजी (१७२०–६१) याला आजोबा बाळाजी विश्वनाथ यांचे नाव मिळाले, पण तो नानासाहेब म्हणून ओळखला गेला. पेशवे दरबारातील फडणीस बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००) यांनाही आजोबा बाळाजी महादेव यांचेच नाव मिळाले होते आणि तेही ‘नाना’च होते. अशा ठिकाणी नावापेक्षा वडिलांचे नाव निर्णायक ठरते. १८५७ च्या उठावातील नानासाहेबांचे नाव मात्र धोंडोपंत होते. लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) यांचे पाळण्यातील नाव केशव असून बाळ हे घरातील नाव जगन्मान्य झाले. मुले जगत नसल्यास दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू यांसारखी नावे ठेवीत; ती खालच्या दर्जाची द्योतक समजणे चुकीचे होय.

स्त्रिया व दत्तक : विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याच्या प्रथेमुळे तिचा माहेरच्या वंशावळीशी असलेला दुवा तुटतो. मणिकर्णिका ही झांशीची राणी लक्ष्मीबाई झाली. यमुना या एकाच माहेरच्या नावाच्या दोन मुली विवाहानंतर अनुक्रमे रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आल्या. बहुतेक वंशावळींत स्त्रियांची नावे मुळातच नसतात आणि असलीच, तर सासरची असतात. दत्तकविधीतही नाव बदले. कवळाणे येथील गोपाळराव हे १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून, तर कागलचे यशवंतराव घाटगे हे १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शाहू म्हणून दत्तक गेले. दत्तकपत्र हाती नसल्यास अशा व्यक्तीचे जन्मकुल शोधणे दुरापास्त होते.

लिपी व प्रदेश : मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्द सलग लिहिलेले असतात आणि अनुस्वार अनेकदा गाळलेला असतो, यामुळे नकलकाराच्या हातून नाव सहज बदलते. फार्सी लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नसल्यानेही वाचनभेद उद्भवतात. महाराष्ट्राबाहेर नावे स्थानिक वळण घेतात. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी हे तंजावरच्या परंपरेत एकोजी होत आणि तेथील शरफोजीचे सरफोजी झाले. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये तेथील बृहदीश्वर मंदिरात भोसले कुलाचा इतिहास मराठीत कोरविला. गोव्यात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी नवे पोर्तुगीज नाव व बहुधा आडनावही मिळे. पुढे चर्चच्या नोंदवहीतील सेबास्तियांव घरी बोस्त्यांव होई.

निर्णयाची साधने : केवळ नावाच्या साम्यावरून किंवा भेदावरून निष्कर्ष काढू नये. वडिलांचे नाव, आडनाव, गाव, गोत्र वा कुळी, वतनातील हिस्सा आणि काल यांपैकी अनेक बाबी जुळल्यासच ऐक्य मानावे. श्राद्धविधीत पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे गोत्रासह उच्चारली जातात. त्यांवरून तीन पिढ्यांचा क्रम तपासता येतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने सांगितलेली नावे गावासह असतात. करीने, महजर व निवाडपत्रे ही तंट्यांच्या निमित्ताने लिहिली गेल्याने त्यांत पिढ्यांचा तपशील विपुल असतो. परंतु पक्षकाराचा हेतू लक्षात घेऊनच तो स्वीकारावा. मूळ रूप जसेच्या तसे नोंदवून अनुमानित नाव शेजारी वेगळे लिहिणे हे श्रेयस्कर. नावे ‘शुद्ध’ करून लिहिलेली वंशावळ वाचनीय असली, तरी पुढील संशोधकास पडताळणीचे साधन त्यामुळे नाहीसे होते.

१८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामांची चौकशी केली, तेव्हा इनाम पुढे चालण्यासाठी मूळ इनामदाराशी असलेला संबंध दाखविण्याची वेळ अनेक घराण्यांवर आली. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींसाठी जुन्या मोडी दप्तरांचा शोध घेतला गेला, त्यावेळीही दप्तरातील पूर्वज आणि आजचा अर्जदार यांमधील साखळी जुळविणे हाच कळीचा मुद्दा ठरला. नावाच्या एका रूपावर वारसाचा हक्क राहतो किंवा जातो. म्हणून नामभेदाची चिकित्सा हे वंशेतिहासाचे पहिले कर्तव्य होय.