बैलाचे खूर आणि मोटारीचे चाक

बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगररांगेत कपिलधार वसलेले आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार आणि मन्मथस्वामींची समाधी, ह्या दोहोंसाठी गावाचे नाव मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच कार्तिकी पौर्णिमा येते आणि दूरदूरच्या दिंड्या कपिलधारच्या वाटेला लागतात. आज ह्या यात्रेला माणसे मोटारींनी येतात. बीड शहराने रेल्वेचे इंजिन फार उशिरा पाहिले. त्यामुळे ह्या मुलखाची सारी ये-जा पिढ्यान् पिढ्या चाकांवरच चालली, आणि ती चाके बैलगाडीची होती.

काळ्या रानातून ज्याने एकदा तरी बैलगाडी हाकली आहे त्याला चाकाचे मर्म पुस्तकातून शिकावे लागत नाही. ही माती उन्हात भेगाळते आणि भिजली की फुगते. मग ती अशी निसरडी होते की धड उभ्या माणसाचा पाय ठरत नाही. गाडी रुतली की गाडीवान खाली उतरतो, चाकाखाली कडबा नाही तर गोणपाट सारतो, बरोबरची माणसे चाकाला खांदा लावतात आणि बैलांना हाक दिली जाते. बैल खाली वाकतात, त्यांचे दुभंगलेले खूर चिखलात खोल रुततात आणि गाडी हलते. ह्या साऱ्या खटाटोपात चाकाने काय केले? ते नुसते फिरले. भुई धरून ठेवण्याचे काम खुरांनी केले; चाकाला ते कोणी सांगितलेच नव्हते.

मोटारीचा सारा इतिहास ह्या एका फरकात साठवलेला आहे. माणसाने जनावर सोडले, त्याच्या जागी यंत्र बसवले आणि जनावराच्या खुरांचे काम चाकाच्या गळ्यात बांधले. तेव्हापासून चाकाने फिरायचेही आणि भुईही धरायची, अशी दुहेरी चाकरी सुरू झाली. कोरड्या रस्त्यावर ती सुखाने चालते. चिखलात आणि त्याहूनही बर्फात मात्र चाकरी कोणत्या चाकाकडे दिली आहे, पुढच्या की मागच्या, हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो.

कार्ल बेंझ ह्याने आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. तिचे यंत्र मागे होते आणि साखळीने ते मागचीच चाके फिरवीत असे. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, त्याची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन ह्याच धर्तीच्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या आईकडे गेली. माहेरची वाट कोणत्याही देशात सोपी नसते. चढ आला की मुले खाली उतरून गाडी ढकलीत. खांदा लावणारी माणसे तिथेही लागलीच! पुढे १८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पानार व लव्हासोर ह्या कारखान्याने यंत्र पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी रचना रूढ केली. तीच जगभर चालू लागली. तिला कारणही सरळ होते. पुढची चाके वळायची असतात. जे चाक डावी-उजवीकडे वळते त्यालाच यंत्राचा जोर सुरळीत पोचवणारा सांधा बनवणे त्या काळच्या कारागिरीला जड जात होते. मागची चाके बिचारी सरळ चालणारी. त्यांच्यावर ओझे टाकणे सोयीचे पडले.

ऐषारामी मोटारींनी तर ही रचना पुष्कळ वर्षे सोडलीच नाही. पुढे लांबलचक यंत्र, मधे ऐसपैस बैठक आणि मागून मिळणारा जोर, ह्यामुळे गाडीचा तोल चांगला राहतो. पुढच्या चाकांना फक्त दिशा दाखवायचे काम उरते आणि हातातले चाक हलके व बोलके राहते. बसणाऱ्याला वाटते, आपण पालखीत बसलो आहोत.

पण हिवाळा आला, रात्रीतून वीतभर बर्फ पडले, की पालखीचे रूप पालटते. जड यंत्र पुढे असल्यामुळे भार पुढच्या चाकांवर अधिक असतो. जोर लावणारी मागची चाके त्या मानाने हलकी पडतात, आणि हलके चाक बर्फाला धरू शकत नाही. यंत्र गुरगुरते, चाक जागच्या जागी फिरते, खालचे बर्फ वितळून तुळतुळीत होते आणि गाडी इंचभर सरकत नाही. हे झाले सपाटीवरचे. वळणावर त्याहून वाईट. तिथे पायाखालची कळ जराशी जास्त दाबली गेली, तर फिरणाऱ्या मागच्या चाकांची बाजूची पकडही सुटते आणि गाडीचे शेपूट बाहेर झेपावते. घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो, आणि मग गाडीचे तोंड आल्या वाटेकडे वळते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचा दोष उलट असतो. पकड सुटली की ती वळायचे नाकारते आणि नाकासमोर सरळ जात राहते. एक शेपटाने दगा देते, दुसरी नाकाने.

उत्तरेकडच्या देशांतल्या लोकांनी ह्यावर जे उपाय काढले ते आपल्या गाडीवानांच्या उपायांचेच भाऊबंद होते. कोणी गाडीच्या मागच्या पेटीत वाळूची पोती भरली, म्हणजे हलक्या चाकांवर वजन आले. न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीड ह्याने १९०४ मध्ये टायरवर चढवायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. साखळीच्या कड्या बर्फात रुततात, जणू चाकाला खूर फुटतात. फिनलंडमध्ये नोकियाच्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये लहान मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा नावाचा. आजच्या हिवाळी टायराचे रबर असे असते की थंडीत ते लाकडासारखे कडक होत नाही. साधा टायर उष्णता सात अंशांच्या खाली उतरली की ताठरू लागतो. हिवाळी टायर मऊ राहतो आणि त्याच्या अंगावरच्या बारीक चिरा बर्फ चिमटीत धरतात.

कोणती चाके बरी ह्या वादाचा निकाल लावण्यासाठी युरोपात जणू दरवर्षी एक पंचायत भरत असे. तिचे नाव माँटे कार्लो रॅली. १९११ पासून ही शर्यत सुरू झाली. जानेवारीच्या कडाक्यात निरनिराळ्या शहरांतून निघायचे आणि बर्फाने भरलेल्या आल्प्सच्या वळणावळणांतून मोनाकोला पोचायचे. १९५२ साली सिडनी अलार्ड हा इंग्रज स्वतःच्या कारखान्यात बनवलेल्या, मागच्या चाकांच्या गाडीतून पहिला आला. १९५६ साली तर नवल घडले. रॉनी अॅडम्स आणि त्याच्या सोबत्यांनी जग्वार मार्क सात ही शर्यत जिंकली. ही गाडी म्हणजे कातडी बैठकांची, लाकडी फळ्यांनी नटलेली, श्रीमंतांच्या दारात शोभणारी अवजड मोटार. आणि तिची ओढ मागच्या चाकांना. १९६० मध्ये मर्सिडीझ बेंझच्या २२० एसई ह्या मोटारींनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. पहिला आला वाल्टर शॉक. त्याही मागच्याच चाकांवर चालणाऱ्या ऐषारामी गाड्या होत्या.

म्हणजे मागची चाके जिंकली म्हणायची का? निकाल इतका सोपा नव्हता. १९६२ आणि १९६३ मध्ये स्वीडनचा एरिक कार्लसन पुढच्या चाकांच्या चिमुकल्या साबमधून लागोपाठ दोनदा पहिला आला. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये त्याहून चिमुकल्या मिनी कूपरने बाजी मारली. तिचेही यंत्र पुढच्याच चाकांवर बसलेले. लोक म्हणू लागले, संपला मागच्या चाकांचा जमाना. इतक्यात १९६८ पासून सलग तीन वर्षे पोर्श ९११ पहिली आली. हिची ओढ मागच्या चाकांनाच होती, पण यंत्रही मागे, अगदी त्या चाकांवर बसवलेले. तेव्हा कुठे खरी गोष्ट स्पष्ट दिसली. पुढचे की मागचे हा प्रश्न दुय्यम. जे चाक ओढते त्याच्यावर भार आहे की नाही, हे पाहायचे. आणि जिथे भार कमी होता, त्या जग्वारमध्ये आणि मर्सिडीझमध्ये, उणीव हाकणाऱ्याने आपल्या पायाने भरून काढली. १९८० मध्ये ऑडीने क्वात्रो आणली, चारही चाकांना जोर देऊन, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनच्या बर्फातली रॅली जिंकली. बैल चारही खुरांनी ओढतो, ही गोष्ट मोटारीला उमजायला अशी बरीच वर्षे लागली.

ज्यांना मागची चाके सोडायची नव्हती, त्यांनी हाकणाऱ्याच्या पायाचे शहाणपण यंत्रात भरायला घेतले. १९७८ मध्ये मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत, दाबल्यावरही चाक जाम न होऊ देणारा ब्रेक आला. पुढल्या दशकात, चाक जागीच फिरू लागले की आपण होऊन जोर कमी करणारी योजना आली. १९९५ मध्ये गाडी घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा आली. निष्णात शर्यतपटू जे पायाने करीत, ते आता घरच्या गृहिणीच्या गाडीतही घडू लागले.

ह्या कथेशी महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाही. कपिलधारजवळच्या मांजरसुंबा घाटातून जी सोलापूर-धुळे वाट जाते, तिच्या दक्षिण टोकाला, सोलापूरला, १८८२ मध्ये वालचंद हिराचंद जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे जिचे नाव पद्मिनी झाले, मागच्या चाकांवर चालणारी होती. कलकत्त्याकडची अँबॅसडरही तशीच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तोपर्यंत भारतातल्या बहुतेक मोटारवाल्यांनी मागच्या चाकांखेरीज दुसरे काही पाहिलेच नव्हते. आणि ज्या मर्सिडीझने १९६० मध्ये आल्प्सच्या बर्फात पहिले तीन क्रमांक घेतले, तिच्या गाड्या १९९५ पासून पुण्यात जोडल्या जाऊ लागल्या. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे जन्मात कधी बर्फ पडत नाही, तिथले कामगार ती गाडी जुळवू लागले.

बर्फ मराठी माणसाच्या वाट्याला येते ते प्रवासात. १९५६ च्या अखेरीस बनिहालखालचा जवाहर बोगदा सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात खिंडीवर बर्फ साचले की काश्मीरचे खोरे उरलेल्या देशापासून तुटत असे. २०२० मध्ये रोहतांगखाली ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा झाला आणि लाहूलचा रस्ता हिवाळ्यातही उघडा राहू लागला. मग आपल्याकडची कुटुंबे नाताळच्या सुटीत स्वतःची गाडी घेऊन बर्फ पाहायला निघू लागली. टंगमर्गहून गुलमर्गला जाताना जोराची हिमवृष्टी झाली असेल, तर साखळ्या बांधलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांखेरीज इतरांना अडवतात. पुण्या-मुंबईची महागडी मोटार तिथे बाजूला उभी राहते आणि पोरे हिरमुसतात. हिरमुसू द्यावीत. तो अडवणारा पोलीस त्यांचा हितचिंतकच असतो.

दुसरा वर्ग परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींचा. श्टुटगार्टला, शिकागोला, माँट्रियलला आज मराठी घरे आहेत, आणि दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की थोड्याच दिवसांत तिथे बर्फ येते. पहिली मोठी नोकरी लागली की मोठी मोटार घ्यावीशी वाटते; त्यात वावगे काही नाही. पण माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे तिथे २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्ये हिवाळी रस्त्यावर १ डिसेंबर ते ३१ मार्च त्यांच्यावाचून गाडी काढता येत नाही. हे कायदे गरीब गाडी आणि श्रीमंत गाडी असा भेद करीत नाहीत, कारण बर्फही करीत नाही. थोडे गणितच पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर सुक्या डांबरावर साधारण १५ मीटरांत उभी राहते. तीच गाडी गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर १०० मीटरांच्या आसपास घसरत जाते. थांबण्याच्या त्या घटकेला ओढ पुढची होती की मागची की चारही चाकांची, ह्याला काडीची किंमत नसते. चारही चाकांचा जोर गाडी निघायला उपयोगी पडतो, थांबायला नाही. आणि निघता आले म्हणून थांबताही येईल, ह्या भरवशावरच पुष्कळ जीव जातात.

म्हणून मागच्या चाकांची ऐषारामी मोटार बर्फात हाकणाऱ्याने काय करायचे, हे ह्या इतिहासाने सांगून ठेवलेले आहे. टायर हिवाळी हवेत, आणि चारही. निघताना दुसऱ्या गिअरात, पाय अंड्यावर ठेवल्यासारखा. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या कितीतरी पट. उतारावर ब्रेकापेक्षा खालच्या गिअरावर विसंबावे. शेपूट घसरलेच तर पाय हलके उचलावा, ज्या बाजूला शेपूट चालले त्याच बाजूला हातातले चाक वळवावे, आणि ब्रेकावर उडी मारू नये. अन् रस्ता फारच वाईट असेल, तर गाडी दारातच राहू द्यावी.

मोटारीचे प्रत्येक चाक भुईला टेकते ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांवर आपले सारे बिऱ्हाड बसलेले असते. त्या जागेवर मोटारीची किंमत लिहिलेली नसते आणि तिच्या नाकावरचे चिन्हही तिथून दिसत नाही. जुना गाडीवान चिखल दिसला की आधी खाली उतरून भुई पायाने चाचपून पाहत असे. मोटारीत बसलेल्या माणसाला तसे उतरता येत नाही. त्याने निदान वेग तरी उतरवावा.