बारामती–इंदापूर परिसरातील डास व रोगप्रसार

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. कालव्याखालील बागायती पट्टा व पावसावर अवलंबून असलेला जिरायती पट्टा असे या भूमीचे दोन ठळक भाग पडतात. या दोन्ही पट्ट्यांत डासांना अनुकूल परिस्थिती आढळते, परंतु त्यांतील डास व रोग भिन्न असतात. पाण्याच्या उपलब्धतेइतकेच, डासाची मादी कोणाचे रक्त, केव्हा व किती वेळा शोषते, यालाही रोगप्रसारात महत्त्व आहे.

दंशसवयी : नर व मादी दोघेही वनस्पतींतील शर्करायुक्त रसावर जगतात. रक्त फक्त मादी शोषते, कारण अंड्यांच्या वाढीस आवश्यक अशी प्रथिने तिला त्यातून मिळतात. उष्ण हवेत रक्तशोषण, अंडी घालणे व पुन्हा रक्तशोषण हे चक्र सु. दोन-तीन दिवसांत पूर्ण होते. हिवतापाचे परजीवी मादीच्या शरीरात वाढून लाळग्रंथींत पोहोचण्यास अनुकूल तापमानात सु. १० ते १४ दिवस लागतात. त्यामुळे रोग पसरण्यासाठी एकाच मादीने माणसाला निदान दोनदा दंश करावा लागतो : प्रथम रोग्याला व नंतर निरोगी व्यक्तीला. साहजिकच माणसाला होणाऱ्या दंशांचे प्रमाण निम्म्यावर आल्यास प्रसाराची क्षमता सु. एकचतुर्थांश उरते. रॉनल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात परजीवी पाहिले. पुढे रॉस व जॉर्ज मॅक्डॉनल्ड यांनी या प्रसाराचे गणित मांडले.

बागायती पट्टा : १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून आरंभ झालेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात खेळू लागले. ऊस वाढला, तथापि निचऱ्याअभावी काही जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. हॅरल्ड मान व तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाझराची डबकी, पाटचाऱ्या व खड्डे ही ग्रामीण महाराष्ट्रातील प्रमुख हिवतापवाहक ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस या डासाची उत्पत्तिस्थाने होत. हा डास मुख्यत्वे गुरांचे रक्त शोषतो व त्यामुळे गोठा काही अंशी माणसाचे रक्षण करतो. पण गुरांच्या रक्तावर डासांची संख्याही वाढते. ती फार वाढली, म्हणजे माणसाकडे वळणारा अल्प अंशही साथीस पुरेसा होतो.

रक्त शोषल्यानंतर हा डास घराच्या वा गोठ्याच्या भिंतीवर विसावतो. या सवयीचा उपयोग डीडीटी फवारणीत करून घेण्यात आला. डी. के. विश्वनाथन यांनी १९४०–५० या दशकात तत्कालीन मुंबई प्रांतात या पद्धतीचे मोठे प्रयोग केले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६१ मध्ये देशातील नोंदलेले रुग्ण सु. ५०,००० पर्यंत घटले. मात्र डासांतील कीटकनाशक-प्रतिकार व कामातील शैथिल्य यांमुळे १९७६ मध्ये ते सु. ६४ लाखांवर गेले. १९७७ मध्ये सुधारित योजना अंमलात आली.

जिरायती पट्टा : कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या गावांत टंचाईच्या काळात रांजण, पिंपे व टाक्यांत पाणी साठवावे लागते. तेथे ईडिस ईजिप्ती या डासाची पैदास होते. तो दिवसा व प्राधान्याने माणसालाच चावतो; शिवाय दंशात व्यत्यय आल्यास अनेक व्यक्तींकडून थोडेथोडे रक्त घेऊन पोट भरतो. त्यामुळे गोठ्याचे संरक्षण येथे निरुपयोगी ठरते आणि एक मादी एकाच कुटुंबातील अनेकांना डेंग्यू वा चिकुनगुन्या यांची बाधा करू शकते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ उद्‌भवली. २००६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा पसरला. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे झिका विषाणूचा राज्यातील पहिला रुग्ण आढळला.

नियंत्रण : यावरून दोन्ही पट्ट्यांना एकच उपाय लागू पडत नाही, हे स्पष्ट होते. बागायतीत निचरा, पाटचाऱ्यांची स्वच्छता, मच्छरदाणी व घरांप्रमाणेच गोठ्यांतही फवारणी आवश्यक असते. जिरायतीत भांडी झाकणे व आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करणे अधिक परिणामकारक ठरते. मात्र ज्या घरी पाणी आठ-दहा दिवसांनी मिळते, तेथे साठा ओतून देणे शक्य नसते. म्हणून नियमित पाणीपुरवठा हाही रोगनियंत्रणाचाच भाग मानला पाहिजे.